पहिली क्रूझ : जाऊन आलेल्यांचे आणि जाणाऱ्यांचे प्रश्न

पहिल्या क्रूझबद्दल आलेल्या पत्रांचे यावेळी सरळ दोन गट पडले. जाऊन आलेल्यांना आठवणी नीट लावून ठेवायच्या आहेत. जाणाऱ्यांना सुट्टीचा एकही दिवस वाया घालवायचा नाही. पहिल्या गटाला ज्याची हळहळ वाटते ते बहुतेक सगळं निघण्याआधी पाच-दहा मिनिटांत टाळता आलं असतं, म्हणून दोन्ही गटांची उत्तरं एकत्रच देत आहोत.

प्रश्न : सात रात्रींच्या पहिल्या क्रूझहून परत येऊन महिना झाला. घरातल्या तीन फोनमध्ये मिळून दोन हजारांवर फोटो आहेत आणि कुठला फोटो कुठल्या बंदराचा, हे आत्ताच सांगता येईना. अल्बम कसा लावावा?

उत्तर : फोटो उघडण्याआधी एक काम करा. घरातल्या प्रत्येकाने, एकमेकांशी न बोलता, आठवेल ते एक पानभर लिहून काढा. एकदा फोटो बघितले की आठवण फोटोंच्या मागे जाते आणि ज्याचा फोटो नाही ते पुसट होतं. जेवणाच्या टेबलावर शेजारी कोण बसायचं, केबिनच्या भिंतीतून कसली घरघर यायची, डेकवर पहाटे कसला वास असायचा, हे कॅमेऱ्यात सापडणार नाही. महिना झालाय म्हणता, तर हे याच आठवड्यात करा.

मग वेळा जुळवा. सगळा गोंधळ बहुधा इथेच आहे. बंदरात नेटवर्क मिळालं की फोन आपणहून स्थानिक वेळ लावतो; एअरप्लेन मोडवर असलेला फोन जुन्याच वेळेवर राहतो. त्यामुळे एकाच क्षणी काढलेल्या फोटोंत तास-दोन तासांचा फरक पडतो. तिन्ही फोनमध्ये टिपला गेलेला एखादा प्रसंग शोधा. जहाजाने धक्का सोडल्याचा क्षण उत्तम. त्यावरून कुठला फोन किती पुढे-मागे आहे ते काढा आणि त्या फोनमधल्या त्या दिवसाच्या फोटोंची वेळ एकगठ्ठा सरकवा. फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये आणि संगणकावर ही सोय असते. हे काम मूळ फाइलवर करा. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या प्रतीत तारीख आणि ठिकाणाची माहिती सहसा उरत नाही.

नंतर दिवसागणिक एक फोल्डर करा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख घाला, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. पुढे बंदराचं नाव किंवा ‘समुद्रात’ असं लिहा. केबिनमध्ये रोज येणारं कार्यक्रमपत्रक ठेवलं असेल तर जहाज कुठे किती वाजता लागलं आणि कधी सुटलं ते त्यावर छापलेलं मिळेल. पत्रक नसेल तर डेकवर काढलेले फोटो बघा. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, उघडं आकाश लागतं. म्हणून डेकवरच्या फोटोंत ठिकाण नोंदलेलं असण्याची शक्यता असते. पोलादी जहाजाच्या आत काढलेल्या फोटोंत ते बहुधा नसतं.

अल्बमसाठी दिवसाला पंधरा-वीस फोटो पुरे. सूर्यास्ताचे चाळीस असतील तर एक ठेवा. आपल्या केबिनच्या दाराचा, लांबलचक कॉरिडॉरचा, रोजच्या खुर्चीचा फोटो मात्र फेकू नका. दहा वर्षांनी तोच सगळ्यात आधी बघितला जातो. जहाजावरच्या पावत्या बहुतेक थर्मल कागदावर असतात आणि त्यांची शाई उडते, म्हणून त्या आजच स्कॅन करा. कागद चिकट पानांच्या अल्बमात लावू नका, आम्लरहित पाकिटात ठेवा. आणि मूळ फोटोंच्या तीन प्रती हव्यात : दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली किमान एक घराबाहेर.

प्रश्न : उतरून दोन दिवस झाले तरी अंघोळ करताना आणि पडल्यावर जमीन डुलते आहे असं वाटतं. हे काय?

उत्तर : बोटीच्या हालचालीशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं, जमिनीवर परत जुळवून घ्यायला त्याला थोडा वेळ लागतो. बहुतेकांचं हे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत जातं. मोकळ्या हवेत चाला, झोप पुरी घ्या. जिन्यावर आणि न्हाणीघरात आधार धरा, डुलणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा या तक्रारीवर सहसा उपयोग होत नाही. महिना उलटूनही डुलणं राहिलं तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जा आणि बोटीचा प्रवास झाला होता हे आवर्जून सांगा. या विकाराला ‘माल द देबार्कमाँ’ असं फ्रेंच नाव आहे. ऐकू कमी येणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूची शक्ती जाणं किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : पहिल्यांदाच जातोय. आतली केबिन घ्यावी की बाल्कनीची? आणि ‘मधली घ्या’ असं सगळे सांगतात ते कशासाठी?

उत्तर : सी-सॉ आठवा. टोकावरचा माणूस खूप वर-खाली होतो, मधला जवळजवळ जागेवर असतो. लाटेवर जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा असंच होतं. डावी-उजवी डुलण्याची गोष्ट वेगळी : तिथे जितकं उंच जावं तितकी हालचाल जास्त. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते मुख्यतः हे डुलणं कमी करतात. पुढे-मागे झुलण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून ज्याला बोट लागण्याची भीती आहे त्याने लांबीच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी.

हालचालीइतकाच त्रास आवाजाचा असतो, आणि त्याचा विचार फार थोडे लोक करतात. केबिनचा नंबर ठरवण्याआधी डेकचा नकाशा उघडा आणि वरच्या व खालच्या मजल्यावर त्या जागी काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. खाली नाट्यगृह असेल तर रात्री उशिरापर्यंत संगीत. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये, बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणारे थ्रस्टर भल्या सकाळी जाग आणतात. अगदी मागे जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर जाणवते. पण जहाजामागे उमटणारा पांढरा पट्टा तिथूनच दिसतो, आणि काहीजण तेवढ्यासाठी थरथर आनंदाने सोसतात. दोन केबिनमध्ये जोडणारं दार असलं की शेजारचं बोलणं ऐकू येतं. ‘दृश्याला अडथळा’ असा शेरा असेल तर खिडकीसमोर बहुधा लाइफबोट टांगलेली असते. ‘गॅरंटी’ प्रकारात केबिन कंपनी निवडते. स्वस्त पडतं, पण बोट लागणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

बाल्कनीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. मार्गात दोन किंवा अधिक दिवस पूर्ण समुद्रात असतील तर पहिल्या खेपेला बाल्कनी घ्या. रोज नवं बंदर असेल तर केबिनमध्ये फक्त झोपायलाच याल, आतली पुरेल. आतल्या केबिनमध्ये दिवसाही मिट्ट काळोख असतो. तिथल्या टीव्हीवर जहाजासमोरचं दृश्य दाखवणारा चॅनल असेल तर तो आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवा, उजाडलेलं कळतं. एकाच दिशेने जाणारी सफर असेल तर बाजूही निवडा : उत्तरेकडे जाताना सूर्योदय उजवीकडे, सूर्यास्त डावीकडे. बाल्कनीचं दार उघडं ठेवून केबिनचं दार उघडू नका. वाऱ्याच्या झोताने दार इतक्या जोरात आपटतं की बोट सापडलं तर ते मोडू शकतं.

प्रश्न : मला घाटातसुद्धा गाडी लागते. क्रूझचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. गाडी लागणाऱ्या प्रत्येकाला मोठं जहाज लागतंच असं नाही, आणि लागलं तरी उपाय आहेत. आतला कान हालचाल सांगतो, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळतं. त्यामुळे सर्वांत वाईट सवय कुठली, तर बरं वाटेनासं झाल्यावर केबिनमध्ये जाऊन फोन बघत पडणं. उलट करा : मधल्या डेकवर उघड्यावर या आणि क्षितिजावर नजर ठेवा. पडायचंच असेल तर डोळे मिटून, उताणं, डोकं न हलवता.

पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. दर दोन-तीन तासांनी कोरडं, बेचव काही खा. आल्याने काहींना बरं वाटतं. तळकट पदार्थ आणि दारू टाळा.

औषधाची वेळ चुकते आणि मग लोक औषधालाच दोष देतात. मेक्लिझिन या मळमळ रोखणाऱ्या गोळीची प्रौढांची नेहमीची मात्रा २५ ते ५० मिलिग्रॅम. ती निघण्याच्या एक तास आधी घ्यायची असते आणि २४ तासांतून एकदाच. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच किमान चार तास आधी लावावा लागतो आणि तीन दिवस चालतो. तो लावल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असणाऱ्यांना ही औषधं घातक ठरू शकतात. गरोदर स्त्रिया, मुलं आणि वयस्करांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. नवीन गोळी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, किती झोप येते ते कळेल.

प्रश्न : आमचा पहिला दिवस फुकट गेला. पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत होते आणि ती बॅग केबिनमध्ये पोचायला रात्रीचे आठ वाजले. त्यात आणीबाणीत काय करायचं याचा सक्तीचा सराव. पुढच्यांना काही सांगाल का?

उत्तर : तुमचा अनुभव अनेकांचा आहे. धक्क्यावर दिलेल्या बॅगा तपासणीतून जातात, मग हजारो बॅगा एकेका दाराशी पोचवायच्या असतात. त्याला सहा-सात तास सहज लागतात. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, व्हिसा, प्रवासाचे कागद, सगळी औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे, एक जास्तीचा जोड आणि लहान मुलांचं सामान ठेवा. इस्त्री, पाणी उकळायची किटली, मेणबत्ती, सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन यांतलं काही बॅगेत सापडलं तर बॅग अडकते आणि तुम्हाला खाली बोलावणं येतं. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. अनेक जहाजांची वीजजोडणी घरच्यासारखी नसते, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर तिथे तापून पेटू शकतो. केबिनच्या भिंती मात्र बहुधा पोलादी असतात. चार मजबूत चुंबकी हुक नेले तर टोप्या आणि ओले कपडे अडकवायला छान जागा होते.

सरावाला फुकट गेलेला वेळ म्हणू नका, अशी विनंती आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. तेव्हाच्या नियमानुसार तो २४ तासांत घेतला तरी चालत असे. त्या अपघातात ३२ जण गेले. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला : सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालाच पाहिजे. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा. तुमच्या जमण्याच्या जागेचा नंबर कार्डावर असतो. त्या दिवशी केबिनपासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजून ठेवा; धुरात दिसत नाही, हाताने मोजावं लागतं. मुलांना हे काम खेळासारखं आवडतं.

प्रश्न : बंदरात स्वतःचं स्वतः फिरलं आणि परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं का?

उत्तर : नाही. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज शक्यतो थांबतं, किंवा सहलीतल्या लोकांना पुढच्या बंदरात पोचवायची सोय कंपनी करते. स्वतंत्र फिरणाऱ्याला ही हमी नाही; पुढच्या बंदराचा खर्च आणि खटपट त्याची.

सर्वाधिक चुका घड्याळाच्या असतात. काही जहाजं बंदरातही स्वतःची ‘जहाजाची वेळ’ बदलत नाहीत, आणि आपला फोन मात्र किनाऱ्यावर पाय ठेवताच बदलतो. साधं मनगटी घड्याळ नेऊन ते जहाजाच्या वेळेवर लावा. उतरताना दारापाशी लिहिलेल्या ‘सर्वांनी परत यावे’ या वेळेचा फोटो काढा. ती सहसा सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास असते. त्याच्याही एक तास आधी धक्क्यावर पोचायचं असं मनात धरा. बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर रोजच्या पत्रकावर असतो, तोही फोटोत घ्या.

जिथे धक्का खोल नसतो तिथे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. तिथे शेवटची टेंडर सुटण्याची वेळ तीच आपली वेळ. लाटा असल्या की टेंडर आणि जहाज यांच्यात पाऊल टाकणं गुडघे दुखणाऱ्यांना अवघड जातं, आणि चाकाची खुर्ची बऱ्याचदा नेताच येत नाही. आई-वडिलांना नेणार असाल तर बुकिंगआधीच कुठली बंदरं टेंडरची आहेत ते विचारून घ्या. हवा बिघडली तर सगळ्यात आधी अशीच बंदरं रद्द होतात.

प्रश्न : एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालेल का?

उत्तर : मार्ग तपासा. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशात गेलं आणि पुन्हा पहिल्या देशात परतलं, तर तो दुसरा प्रवेश धरला जाऊ शकतो. अशा फेरीसाठी अनेक प्रवेशांचा व्हिसाच मागा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली असावी. व्हिसा अपुरा असला तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि पैसे सहसा मिळत नाहीत.

प्रश्न : शेवटच्या दिवशीच्या बिलाने मन खट्टू झालं. ते कसं टाळावं?

उत्तर : जहाजावर रोख चालत नाही, कार्ड दाखवलं की खर्च खात्यावर पडतो. त्यात दर माणशी दर दिवशीचा सेवा-आकार बहुतेक ठिकाणी आपोआप लागतो; तो तिकिटात आहे की वेगळा, हे आधी विचारा. खातं रोज रात्री बघा आणि चूक असेल तर त्याच दिवशी सांगा, शेवटच्या सकाळी काउंटरवर मोठी रांग असते. डेबिट कार्ड जोडलं तर रक्कम आगाऊ अडकवली जाते आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. फोन धक्का सोडण्याआधीच एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला आपणहून जोडला जातो आणि त्या रोमिंगचा दर फार चढा असतो.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाहेर काढून ठेवल्याशिवाय बॅग बंद करू नका.

प्रश्न : आठवण म्हणून शंख-प्रवाळ आणले तर?

उत्तर : आणू नका. प्रवाळाच्या अनेक जाती, राक्षसी शिंपले, काही मोठे शंख आणि समुद्रघोडे यांच्या व्यापारावर १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. परवान्याशिवाय सीमेवर जप्ती आणि दंड होऊ शकतो, मग वस्तू दुकानातून पावतीसकट घेतलेली का असेना. केबिनचं कार्ड, डेकचा नकाशा आणि सात दिवसांची कार्यक्रमपत्रकं यांहून चांगली आठवण नाही, आणि ती फुकट मिळते.

प्रश्न : डेकवर आलं की कॅमेऱ्यावर वाफ धरते, आणि रात्रीचे फोटो ट्रायपॉड लावूनही हलतात.

उत्तर : एसीत थंड झालेली काच दमट हवेत आली की तिच्यावर दव जमतं. कॅमेरा बंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं पिशवी उघडू नका. काचेवर खारे शिंतोडे वाळले असतील तर कोरड्या कापडाने घासू नका, ओरखडे पडतात. गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं मऊ कापड वापरा. ट्रायपॉड जहाजाबरोबरच हलतो, त्यामुळे लांब वेळेचा फोटो हलणारच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवा आणि शटर १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नका.

प्रश्न : जहाज सुटताना कुठे उभं राहावं? किनारा किती वेळ दिसत राहतो?

उत्तर : मागच्या बाजूचा उंच उघडा डेक गाठा, सुटायच्या अर्धा तास आधी. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. पाण्यापासून ३६ मीटर उंचीवर असाल तर क्षितिज सुमारे २१ किलोमीटरवर. जहाज २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललं, तर पुळणीची रेषा सुमारे ३५ मिनिटांत पाण्याखाली जाते. त्याच किनाऱ्यावर ६४ मीटर उंचीवर दीपगृहाचा दिवा असेल तर त्याचे आणखी सुमारे २९ किलोमीटर मिळवा. हवा स्वच्छ आणि दिवा तितका ताकदीचा असला तर तो एक तास वीस मिनिटांपर्यंत दिसू शकतो, आणि सुरुवातीला जहाज सावकाश चालतं म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्तच. आधी किनारा बुडतो, मग इमारती, मग मनोरा, आणि सगळ्यात शेवटी नुसता लुकलुकणारा ठिपका. तो गेला ती वेळ वहीत लिहून ठेवा.